राणीछाप रुपयाला भाव कशाचा येतो?

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माझी आत्या देवघरातला पितळी डबा उघडते. आत लाल फडक्यात बांधलेले नऊ रुपये. घरात सगळे त्यांना 'राणीछाप' म्हणतात, पण राणी त्यातल्या पाचांवरच आहे. एक सातव्या एडवर्डचा, दोन पाचव्या जॉर्जचे आणि एक सहाव्या जॉर्जचा. आत्या ते चिंचेच्या कोळात भिजवते, बोटावर रांगोळीची चिमूट घेऊन घासते आणि लखलखीत करून ताटात मांडते. मग हळद-कुंकू. तिच्या आधी आजी हेच करायची, आजीच्या आधी तिची सासू.

गेल्या वर्षी चुलतभावाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. 'व्हिक्टोरियाचा एक रुपया विका, लखपती व्हा.' आत्याने नऊही रुपये माझ्यापुढे ठेवले. "तू यातला ना रे? सांग बरं, वरच्या खोलीचा स्लॅब पडेल का यात?"

म्हटलं, "पंखा बसेल."

ती हसली, पण तिला पटलं नाही. शंभर-दीडशे वर्षांची वस्तू, तीही चांदीची, आणि किंमत पंख्याची? हा प्रश्न मला वर्षातून दहा जण तरी विचारतात, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी वयाचं बघू. नाणं जुनं म्हणून महाग, हा समज सगळ्यात चिवट आहे. कुषाणांची तांब्याची झिजलेली नाणी पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वीची असतात, आणि संग्राहकांच्या बाजारात त्यातली साधी नाणी आजही दोघांच्या हॉटेलच्या जेवणाच्या पैशांत मिळतात. कारण ती भरपूर सापडली आहेत. व्हिक्टोरियाचे रुपये तर कोट्यवधींनी पाडले गेले. दर दुसऱ्या घरात देवाजवळ एक-दोन असतातच.

मग पायाची किंमत कुठली? चांदीची. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने सगळीकडे एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी. आपला जुना तोळा म्हणजे याच रुपयाचं वजन. (सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, ते सोयीसाठी.) हिशेब केला तर एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम निघते. ही झाली मोडीची किंमत, याखाली रुपया जात नाही. मात्र १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर नुसत्या निकेलचा आहे, लोहचुंबकाला टुणकन चिकटतो. आत्याचा सहाव्या जॉर्जचा रुपया १९४४ चा निघाला. इतकी वर्षं ती त्याला बाकीच्यांच्या बरोबरीने पूजत होती, पण त्यात चांदी निम्मीच.

मोडीच्या वर जे काही मिळतं, त्याला दोन गोष्टी जबाबदार. नाण्याचा चेहरा किती शिल्लक आहे, आणि ते कुठल्या टाकसाळीतून, कुठल्या साली बाहेर पडलं.

चेहऱ्याचं समजायला आत्याच्याच डब्यातले दोन रुपये घेऊ. दोन्ही पाचव्या जॉर्जचे. एक १९१८ चा, आरशासारखा चकचकीत. दुसरा १९१९ चा, काळपट, कडेला निळसर झाक. तो या मंडळींत उशिरा आला. आजोबांच्या कपाटात जुन्या वहीच्या कागदात गुंडाळलेला सापडला, आणि आत्याने 'हा काळा पडलाय, पुढच्या वर्षी घासू' म्हणत तसाच ठेवला होता. कुठला चांगला, असं विचारलं तर तिने अर्थातच चकचकीतवर बोट ठेवलं.

मी तिच्या हातात भिंग दिलं. राजाच्या छातीवर माळेत एक हत्ती आहे. नखाएवढाही नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. काळ्या रुपयावर त्या हत्तीची सोंड, पाय, पाठीवरची झूल, सगळं दिसत होतं. चकचकीत रुपयावर हत्तीच्या जागी नुसता उंचवटा. राजाची भुवई आणि मिशी एकमेकांत मिसळून गेलेली. मुकुटातली रत्नं बोथट. घासून घासून राजाला पार गुळगुळीत केलं होतं.

नाण्याची झीज अशी वाचायची असते. जे भाग सगळ्यात उंच, ते आधी झिजतात. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, कानाजवळचे केस आणि वस्त्रावरची वेलबुट्टी बघा. जॉर्जच्या रुपयावर भुवई, मिशी आणि तो हत्ती. अक्षरं आणि कड सगळ्यात शेवटी जातात, त्यामुळे 'साल स्पष्ट वाचता येतंय की' या युक्तिवादाला फारसा अर्थ नाही.

या झिजेला दर्जा देण्याची रीत अमेरिकेतून आली. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. १ म्हणजे कसंबसं ओळखू येणारं, ७० म्हणजे निर्दोष. मूळ कल्पना गमतीची होती, की ७० दर्जाचं नाणं १ दर्जाच्या सत्तरपट किमतीला जावं. ते गणित लवकरच मोडलं, पट्टी मात्र टिकली आणि आज जगभर चालते. आपल्याकडचे नाणेविक्रेते रोजच्या बोलण्यात फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रा फाईन आणि यूएनसी हे शब्द वापरतात. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेलं, पट्टीवर ६० ते ७०. आत्याचा काळा रुपया एक्स्ट्रा फाईनच्या वरचा, चकचकीत रुपया फार तर फाईन.

किंमत या पायऱ्यांवर सारखी चढत नाही, ही गोम लक्षात ठेवा. फाईनपासून व्हेरी फाईनपर्यंत साध्या सालाच्या रुपयाला फारसा फरक पडत नाही, दोन्ही चांदीच्या भावाच्या आसपासच घोटाळतात. खरी उडी वरच्या टोकाला, जिथे झीज संपते आणि टाकसाळीची मूळ झळाळी सुरू होते. ही झळाळी पॉलिशची नसते. ठसा जोराने दाबला जातो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा त्यावर फिरतो. विक्रेते याला 'लस्टर' म्हणतात आणि यूएनसीचे पैसे याचेच मोजतात.

आणि चिंच-रांगोळी नेमकं हेच खरवडून काढते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन, वर चांदीच्याच सल्फाईडचा पातळ थर बसतो म्हणून. तो थर घासून काढला की त्याच्यासोबत चांदीही निघते आणि त्या बारीक रेषाही. उरतो तो सपाट, एकसारखा, भांड्यासारखा चकचकाट. भिंगाखाली त्यात एकाच दिशेने गेलेले ओरखडे दिसतात. दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा देतच नाहीत, 'डिटेल्स' असा शेरा मारून 'साफ केलेलं' लिहितात. बाजारात सरळ म्हणतात, 'धुतलेला माल आहे.'

हे सांगताना मला फार शहाणपणा मिरवायचा अधिकार नाही. चौदाव्या वर्षी मी स्वतः एक सुरेख एडवर्डचा रुपया टूथपेस्टने घासून 'नवा' केला होता. तो अजून माझ्याकडे आहे. विकत कोणी घेत नाही, म्हणून शिकवायला वापरतो.

इतर जखमांचंही थोडक्यात सांगतो. माळेत ओवण्यासाठी कडी डाकलेली असेल तर ती काढली तरी खूण राहते. कडेला भोक असेल तर विषयच संपला. मोगली आणि कंपनीच्या रुपयांवर बारीक ठोकलेली चिन्हं दिसतात, ती सराफांनी पारख करताना मारलेली. इतिहास म्हणून मला ती आवडतात, पण किंमत त्यांनी उतरते. आणि स्वस्तातल्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत नाणी ठेवू नका. त्यातल्या पीव्हीसीमुळे काही वर्षांत हिरवट चिकट थर धरतो. जाड कागदाचं पाकीट परवडलं.

शिवराईचा न्याय मात्र वेगळा. ती हाताने ठोकलेली, तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं पूर्ण बसलेली शिवराई फार थोडी. तिथे झिजेआधी लोक अक्षरं मोजतात, 'छत्र'च आहे की 'पति'ही आलंय. कधीकधी अक्षर पुसट असतं ते झिजल्यामुळे नाही, मुळात ठोकाच हलका बसल्यामुळे. हा फरक फोटोवरून कळत नाही, नाणं हातात घ्यावं लागतं.

आता टाकसाळीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो. बट्टा म्हणजे नाणं बदलून घेताना सराफ कापून घेत असे ती रक्कम. पेशवाईत बाजारात एकच रुपया नव्हता. अंकुशाचं चिन्ह असलेला अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती. प्रत्येकाची चांदी थोडी कमी-जास्त, आणि आपल्या मुलखाबाहेर गेला की त्याला बट्टा. म्हणजे रुपयावरचं टाकसाळीचं चिन्ह त्या काळी रोजच्या व्यवहाराचा भाग होतं. सराफ आधी चिन्ह बघणार, मग रुपया वाजवणार, मग भाव सांगणार. मोगली नाण्यांवर तर 'जर्ब' या शब्दापाशी गावाचं नावच लिहिलेलं असे.

१८३५ नंतर हळूहळू हे संपलं. मुंबईचा रुपया आणि कलकत्त्याचा रुपया सारखाच. तरी चिन्ह राहिलं, ते टाकसाळीच्या आतल्या हिशेबासाठी. एखादं नाणं वजनात कमी भरलं तर कोणाला जाब विचारायचा, ते कळावं म्हणून. बाजाराच्या लेखी चिन्हाची किंमत शून्य झाली. आणि मग संग्राहक आले, आणि त्यांनी बट्ट्याची रीत उलटी फिरवून परत आणली. आता चिन्हावरून रुपयाला कमी नाही, जास्त मिळू लागले.

चिन्ह कुठे शोधायचं? खिशातलं एखादं नाणं काढा आणि सालाच्या खाली बघा. चौकट असेल, पत्त्यातल्यासारखी, तर ते मुंबईच्या टाकसाळीतलं, रिझर्व्ह बँकेसमोरच्या. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा, ती टाकसाळ सगळ्यात नवी, १९८८ ची. आणि काहीच नसेल तर कोलकाता. ही शेवटची गोष्ट अधोरेखित करतो. कलकत्ता पूर्वीपासून मुख्य टाकसाळ, तिने बहुतेक वेळा चिन्ह टाकलंच नाही. 'माझ्या नाण्यावर टाकसाळीचं चिन्हच नाही, छपाईची चूक आहे, किती येतील?' असा निरोप मला महिन्यातून एकदा येतो. काही येत नाहीत हो, कोलकात्याचं आहे ते.

राणीच्या आणि एडवर्डच्या रुपयांवर मुंबईचं इंग्रजी 'बी' काट्याच्या, म्हणजे मागच्या, बाजूला पानाफुलांच्या नक्षीत लपलेलं असतं, कधी उठावाचं, कधी खोल. कलकत्त्याच्या काही रुपयांवर तसंच 'सी' आहे. पाचव्या जॉर्जच्या काळात मुंबईने 'बी' सोडून एक बारीक उठावदार ठिपका घेतला. दुसऱ्या महायुद्धात नाण्यांची मागणी इतकी वाढली की लाहोरलाही टाकसाळ काढली, १९४३ ते ४५ च्या काही पावल्या-अधेल्यांवर (चार आण्यांच्या आणि आठ आण्यांच्या नाण्यांवर) इंग्रजी 'एल' दिसतो तो तिचा. १९८५ च्या एक रुपयावर सालाच्या पहिल्या आकड्याखाली इंग्रजी 'एच' असेल तर तो चक्क बर्मिंगहॅमहून पाडून आणलेला आहे. आपल्या टाकसाळींना मागणी झेपेना, तेव्हा सरकारने बाहेरून नाणी पाडून घेतली. पुढे कॅनडा, कोरिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया, रशिया इथूनही आली.

पण नुसत्या चिन्हाला भाव नसतो. भाव असतो तो साल आणि चिन्ह या जोडीला. याचं जगातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं. १९०९ मध्ये त्यांनी लिंकनचं चित्र असलेला नवा सेंट काढला. मागच्या बाजूला तळाशी चित्रकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं होती, त्यावरून ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. तोवर फिलाडेल्फियात या अक्षरांचे सुमारे २ कोटी ८० लाख सेंट पाडून झाले होते, सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ४ लाख ८४ हजार. सॅन फ्रान्सिस्कोची खूण म्हणजे सालाखालचा इंग्रजी 'एस'. बाकी सेंट अगदी सारखाच. एका अक्षरामुळे एक सेंट कोणालाही परवडणारा, आणि दुसऱ्यासाठी लोक वर्षानुवर्षं पैसे साठवतात.

आपल्याकडे असं सरळ गणित क्वचित जमतं, आणि त्याला १८६२ चा रुपया कारणीभूत आहे. त्या सालाचे ठसे १८७३ पर्यंत तसेच वापरले गेले, साल बदललंच नाही. १८७४ पासून दरवर्षी नवं साल येऊ लागलं. म्हणजे 'माझा रुपया १८६२ चा' असं कोणी म्हणालं तर तो दहा वर्षांनंतरचाही असू शकतो. मुंबईच्या ठशांवर मात्र काट्याच्या बाजूला बारीक ठिपके वाढत गेले आणि ते पाडल्याचं खरं वर्ष सांगतात, असं संग्राहक मानतात. काही लोक केवळ हे ठिपके मोजण्यात आयुष्य घालवतात. आत्याच्या १८६२ वर ठिपके होते का? असतील. जिथे ते असायला हवेत तिथे आता रांगोळीने केलेलं मैदान आहे. झीज आणि टाकसाळ हे दोन वेगळे विषय नाहीत, ते असं कळतं. चिन्ह वाचताच आलं नाही तर त्याचे पैसे कोण देणार?

जिथे एका आकड्याला किंवा ठिपक्याला पैसे मिळतात तिथे तो आकडा बनवणारेही येतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया अतिशय दुर्मिळ, १९३८ चा त्यामानाने सहज मिळणारा. मग १९३८ घ्यायचा आणि ८ कोरून ९ करायचा. हा बनाव पकडणं अवघड जातं, कारण वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाजही खणखणीत. खोटा फक्त एक आकडा. अमेरिकेत त्या सेंटवर 'एस' चिकटवतात, तोच प्रकार. महागड्या सालाचं नाणं घेताना आकड्याच्या बुडाशी भिंग लावायचं. ठशातून आलेला आकडा जमिनीतून उगवल्यासारखा दिसतो, कोरलेल्याच्या भोवती जमीन खरवडलेली असते.

कधी चिन्ह नाही, चित्रच किंमत ठरवतं. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या पहिल्या रुपयावरचा तो हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, सरकारने नाणं मागे घेतलं आणि पुष्कळसं वितळवलं. पुढच्या वर्षीपासून हत्तीला नीट सोंड आणि पाय मिळाले. बाजारात याला आजही 'पिग रुपया' म्हणतात आणि तो मोडीच्या भावाने कोणी देत नाही.

व्हिडिओंबद्दलही दोन शब्द. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं लाखांत जातं, असं सांगणारे व्हिडिओ दर काही महिन्यांनी फिरतात. ते जात नाही. या व्हिडिओंनंतर फोन येतो, 'नाणं घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा.' काही भामटे रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कमिशन मागत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच जाहीर केलं की आपण असा कुठलाही व्यवहार करत नाही आणि असं शुल्क मागत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो. आणखी एक, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते स्वतःहून परदेशी पाठवता येत नाही. दुबईच्या भाच्याकडे पार्सलने धाडायचा विचार असेल तर सोडून द्या.

आत्याच्या डब्याचं गणित शेवटी असं झालं. राणीचे पाच, एडवर्डचा एक आणि चकचकीत जॉर्ज, हे सात चांदीच्या भावाचे. १९४४ चा निम्म्या चांदीचा. काळा १९१९ तेवढा कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून मी बाजूला ठेवला. त्याचं साल काही दुर्मिळ नाही, पण चेहरा शाबूत असलेला डब्यात तोच एक.

आत्याने थोडा वेळ हिशेब ऐकला. मग आठ रुपये पुन्हा चिंचेच्या वाटीत टाकले. "यांचं व्हायचं ते झालंय म्हणतोस ना? मग यांना घासायला हरकत नाही." आणि कागदातल्या रुपयाकडे बघून म्हणाली, "त्याला कुंकू लावलेलं तरी चालतं का रे?"

मी सांगितलं, कागदाला लाव. दुसऱ्या दिवशी ताटात आठ चकचकीत रुपये होते, आणि शेजारी पिवळट कागदाची एक पुडी, मधोमध कुंकवाचं बोट लावलेली.